दिवाळीच्या घरात मुक्या जिवाचा हिस्सा

आपल्या वर्षभराच्या सणांत जनावरांसाठी राखून ठेवलेले दिवस थोडे नाहीत. आषाढात सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूला बेंदूर येतो, श्रावणी अमावास्येला देशावर आणि विदर्भात पोळा येतो, आणि आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वसुबारसेला, सवत्स धेनूची पूजा होऊन दिवाळीला प्रारंभ होतो. परंतु या सर्व प्राण्यांचे वास्तव्य गोठ्यात असे. उंबरठा ओलांडून माजघरात आणि तेथून अंथरुणापर्यंत येऊन पोचलेल्या कुत्र्यामांजरांचे सणाच्या दिवशी काय करावे, याविषयीचा विधी आपल्या व्रतवैकल्यांत मला तरी आढळलेला नाही, आणि म्हणूनच आजच्या घराघरांतून हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या बुद्धीप्रमाणे, आणि पुष्कळदा बुद्धीपेक्षा हौसेप्रमाणे, सोडविलेला दिसतो.

साताऱ्यात माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांच्या वाड्यात, दिवाळी तोंडावर आली असताना, याच प्रश्नावर जे संभाषण झाले ते येथे देत आहे. बोलणारी माणसे दोन. मामा मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. न्याय आणि वहिवाट या दोन्ही गोष्टींवर त्यांची सारखीच निष्ठा. भाची परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन पुण्यात व्यवसाय करणारी, आणि दिवाळीसाठी आजोळी आलेली. वादाचा विषय होता मामांचा खंड्या नावाचा गावठी कुत्रा. हे नाव मामांनी संगम माहुली येथे ज्याची समाधी दाखवितात त्या शाहू छत्रपतींच्या कुत्र्यावरून ठेवलेले आहे.

मामा : तू आल्या आल्या फर्मावलेस की लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खंड्याला मागच्या खोलीत ठेवायचे. हा हुकूम मला मान्य नाही. ज्याने वर्षभर या वाड्याच्या दाराशी पहारा केला, तुझी मामी अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिच्या खाटेखालून जो हलला नाही, त्याला वर्षाच्या सणाला हद्दपार करायचे आणि आपण फराळाची ताटे पुढे ओढून बसायचे, यात मला न्याय दिसत नाही. महाभारत काढून पाहा. आदिपर्वाच्या आरंभीच जनमेजयाच्या सत्राची हकीकत आहे. सरमा नावाच्या कुत्रीचा मुलगा यज्ञाच्या जागी आला. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, त्याकडे पाहिलेदेखील नव्हते, तरी राजाच्या भावांनी त्याला मारून पिटाळले, आणि सरमेने येऊन राजाला जाब विचारला. ज्या ग्रंथाच्या प्रारंभी अशी कुत्र्याची फिर्याद आहे आणि ज्याच्या अखेरीस कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकण्यास नकार देणारा धर्मराज आहे, तो ग्रंथ घरात ठेवून मी खंड्याला खोलीत कोंडू?

भाची : मामा, सरमेची तक्रार मुलाला मारल्याची होती. त्याला कोणी सावलीत, शांत जागी नेऊन बसवले असते आणि कोणी त्याच्याजवळ थांबले असते, तर ती जाब विचारायला आली असती का? मी खंड्याला घालवून देत नाही. ज्या ठिकाणी त्याला सण सोसवेल त्या ठिकाणी त्याला नेत आहे. आपल्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याच्या कानाची मर्यादा पंचेचाळीस हजारांच्या आसपास आहे आणि मांजराची साठ हजारांच्याही वर. ज्या फटाक्याचा आपल्याला नुसता दणका ऐकू येतो, त्यातले कितीतरी आवाज असे असतात की जे फक्त यांच्याच कानात शिरतात. कायद्याने फटाक्याला चार मीटर अंतरावर 125 डेसिबलपर्यंत मुभा दिली आहे. आवाज कुठून आला, पुढचा केव्हा येणार आणि हे सगळे केव्हा थांबणार, यांपैकी एकही गोष्ट त्याला कळत नाही. गेल्या वर्षीचे कोठीच्या खोलीचे दार पाहा. तळाची फळी त्याने कुठपर्यंत ओरबाडली आहे ते मी सकाळी बोट फिरवून पाहिले. नखांच्या खाचा बोटभर खोल नसतील, पण एका ठिकाणी लाकडात त्याच्या नखाचा तुकडा अजून रुतलेला आहे.

मामांनी ती फळी पाहिली नव्हती. ते उठून गेले, कंदील खाली धरून त्यांनी तो तुकडा पाहिला, आणि परत येऊन बसल्यावर त्यांचा स्वर बदलला होता, मत मात्र बदलले नव्हते.

मामा : मग अपराध फटाक्यांचा. शिक्षा खंड्याला का? वाड्यात फटाका वाजणार नाही, एवढे मी आजच सांगतो.

भाची : ते तुम्ही केलेत तर निम्मे काम झाले. पण वाड्याच्या भिंतीपलीकडे तुमचा अंमल नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली दिवाळीच्या रात्री आठ ते दहा एवढाच वेळ फटाक्यांना नेमून दिला. न्यायालयाचा हुकूम आणि गल्लीतली वहिवाट यांत किती अंतर असते, हे कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला मी काय सांगावे? म्हणून तयारी आपण करायची. त्या दिवशी खंड्याला सूर्यास्ताआधी फिरवून आणायचे, साखळीने, मोकळे सोडून नव्हे; लवकर जेवू घालायचे; आणि दिवे लागण्यापूर्वीच आतल्या खोलीत त्याची गोधडी, पाण्याचे भांडे, खिडकीवर जाड चादर, आणि पंखा किंवा रेडिओ, म्हणजे बाहेरच्या आवाजाला आतला ओळखीचा आवाज थोडा तरी अडवील. कपाटाखाली शिरून बसला तर ओढून काढायचे नाही. ती जागा त्याने निवडली आहे, ती त्याची.

मामा : आणि मी लहानपणी पाहिलेला बेंदूर? आदल्या संध्याकाळी वडील स्वतः बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळून शेकत असत. दुसऱ्या दिवशी नदीवर आंघोळ, शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ, आणि वाजतगाजत मिरवणूक. जनावराला आपल्या सणात सामावून घेणे म्हणजे काय, हे आमच्या वडिलांना ठाऊक होते. तुमच्या शास्त्राने मात्र त्याला खोलीची वाट दाखवली.

भाची : बेंदराचा दाखला तुम्ही दिलात हे बरे झाले, कारण तो माझ्या बाजूचा आहे. त्या सणाचा गाभा काय होता? झूल आणि हिंगूळ आपल्या डोळ्यांसाठी होते. बैलासाठी होती ती आदल्या संध्याकाळची खांदेमळणी, कारण वर्षभर जू वाहून त्याचे खांदे सुजलेले असत. आणि बैलासाठी होती ती औत धरण्याची सक्त मनाई. कोणा शहाण्याने पूर्वी बैलाकडे नीट पाहिले, याला कुठे दुखते आणि याला काय हवे आहे हे ओळखले, आणि त्याचाच सण केला. मिरवणूक पुढची. आणि त्याच दिवशी प्रेमापोटी पुरणपोळ्या आणि धान्य पोटाबाहेर चारल्यामुळे कित्येक बैलांचे पोट फुगते, रवंथ बंद पडते आणि रात्री डॉक्टरला बोलवावे लागते, हेही गावागावांत माहीत आहे. सण तोच, माणूस तोच, माया तीच. खांदे चोळताना तो बैलाकडे पाहत होता आणि पोळी चारताना स्वतःच्या हौसेकडे, एवढाच फरक.

हे उत्तर ऐकून मामा काही वेळ स्वस्थ बसले. मलाही येथे असे वाटले की वादाचा खरा मुद्दा आता उघडा झाला. प्राण्याला सणात घ्यावे की न घ्यावे, यावर दोघांत मतभेद नव्हताच. सण कोणाच्या मापाने बेतायचा, यावर होता. मात्र मामा सहजासहजी शरण जाणारे नव्हते, आणि त्यांचा पुढचा प्रश्न फराळाचा होता.

मामा : बेसनाचा लाडू तरी? चिमूटभर चिवडा? या वाड्यातली कुत्री पिढ्यान्‌पिढ्या उष्ट्यावर जगली.

भाची : जी जगली त्यांची आठवण राहिली, मामा, जी गेली त्यांच्या मृत्यूचे कारण कोणी विचारले नाही. लाडवावर लावलेला बेदाणा घ्या. द्राक्षे आणि बेदाणे खाऊन एखाद्या कुत्र्याला काहीच होत नाही, आणि दुसऱ्याचे मूत्रपिंड निकामी होते. कोणाला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून एकही देऊ नये. चिवड्यातला कांदा आणि लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. त्याचा परिणाम त्याच रात्री दिसत नाही. काही दिवसांनी जनावर मलूल होते, हिरड्या फिक्या पडतात, लघवी लालसर होते, आणि तोवर दिवाळीचा चिवडा कोणाच्या लक्षातही नसतो. चकली-शेवेच्या तळणीने स्वादुपिंडाला सूज येते. चॉकलेट जितके काळे तितके वाईट. आणि सर्वांत घातक गोष्ट कोणती, तर मधुमेही पाहुण्यांसाठी म्हणून आणलेली काही बिनसाखरेची मिठाई. तिच्यात झायलिटॉल असेल तर कुत्र्याच्या रक्तातली साखर अल्पावधीत कोसळते आणि पुढे यकृतही जाऊ शकते. डबा टेबलावर नको, फडताळात हवा.

मामा : म्हणजे सणाच्या दिवशी त्याला पथ्याचे पान.

भाची : पथ्याचे कशाला? उकडलेले अंडे पाहिल्यावर तो कसा नाचतो ते तुम्हीच मला फोनवर सांगता. बिनमिठाचा भात, त्यात कोंबडीचे उकडलेले मांस, हाडाशिवाय. वर एक अंडे. त्याला लाडू हवा असतो असे आपण समजतो. त्याचे डोळे लाडवावर नसतात, तुमच्या हातावर असतात.

मामांनी मग शाहू छत्रपतींची कथा काढली. इतिहासकार ग्रांट डफने ती नमूद केली आहे : सरदारांच्या भेटीच्या प्रसंगी महाराजांनी आपल्या आवडत्या कुत्र्याला किनखाप आणि जडजवाहीर घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचविला म्हणून त्याला जहागिरीची आणि पालखीची सनद दिली, असेही सांगतात. मामांच्या मनात खंड्यासाठी जरीकाठाचा एक छोटा अंगरखा शिवून घ्यायचे होते; शिंप्याकडे कापडही गेले होते.

भाची : अंगरखा नको. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाने घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर घालवतो. त्यात जर टोचते, बटणे आणि टिकल्या चघळल्या जातात, आणि भ्यालेला कुत्रा कपड्यासकट कुठे तरी शिरला तर अडकून पडतो. पण नेपाळात तिहारच्या सणात नरक चतुर्दशीच्याच सुमारास कुकुर तिहार करतात. कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालतात, कपाळाला टिळा लावतात आणि त्याला आवडीचे खायला देतात. ते मला पसंत आहे. सकाळी, शांततेत, पाच मिनिटे. माळ सैल हवी, आणि विधी झाला की काढून ठेवायची.

मामा : मग औक्षण चालेल?

भाची : निरांजन हातभर लांबून. त्याच्या मिशा लांब असतात आणि शेपूट त्याच्या ताब्यात नसते. कापूर मात्र त्याच्यापासून आणि मनीपासून दूर; तो पोटात गेला तर झटके येतात. आणि पूजेच्या तबकात कण्हेरीची फुले ठेवू नका, तिचे पान, फूल, सगळेच हृदयाला विषारी.

मनी म्हणजे वाड्यातली मांजर. तिच्याविषयी भाची जे बोलली ते सविस्तर देण्याजोगे आहे, कारण मांजर स्वतःची काळजी स्वतः घेते या समजुतीपायी सणासुदीला तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या, भेटवस्तूंवरच्या सोनेरी फिती, तोरण ओवून उरलेला दोरा या हलणाऱ्या वस्तू मांजराला अनावर असतात. तिच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असल्यामुळे एकदा तोंडात गेलेला दोरा तिला थुंकता येत नाही. तो गिळला जातो, त्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकते, दुसरे आतड्यात पुढे जात राहते, आणि आतडे त्या दोऱ्यावर चुणीसारखे गोळा होऊन चिरले जाते. अशा मांजराच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून दोऱ्याचे टोक बाहेर दिसले तर ते कदापि ओढू नये, तसेच डॉक्टरकडे न्यावे. पाहुणे हल्ली जे मोठ्या सुवासिक लिलीचे गुच्छ आणतात ते मांजराच्या घरात ठेवूच नयेत. पाकळीच काय, अंगावर सांडलेला पराग तिने चाटला तरी मूत्रपिंड बंद पडते. आणि घाबरलेल्या मांजराला माणसाची पॅरासिटॅमॉलची गोळी देण्याचा उपद्व्याप कोणी केला, तर ते मांजर वाचणे कठीण.

गोळ्यांचा विषय निघाल्यावर मामांनी विचारले की खंड्याला गुंगीचे औषध देऊन निजवले तर सगळेच प्रश्न सुटणार नाहीत का. हा उपाय पुष्कळ घरांतून होतो, म्हणून भाचीचे उत्तर तिच्याच शब्दांत देतो.

भाची : नाही, मामा. जुन्या गुंगीच्या गोळ्यांपैकी काही अशा आहेत की त्यांनी अंग जड पडते, पण भय जागेच राहते. आपल्याला वाटते झोपला आहे; तो आतून सगळे ऐकत असतो आणि पळू मात्र शकत नाही. भय कमी करणारी वेगळी औषधे आता मिळतात, काही कुत्र्यांना ती लागतातच, आणि ती देण्यात कमीपणा नाही. पण ती त्याला तपासणाऱ्या डॉक्टरने ठरवावीत, आणि सणाच्या आधी एकदा देऊन पाहावीत. खरा उपाय महिनाभर आधीचा : फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावायचा, सोबत आवडीचा घास द्यायचा, आणि तो बेचैन होत नाही असे पाहून मगच आवाज चढवायचा. यंदा त्याला उशीर झाला.

मामा : एक विचारू? आम्हाला कोणी तरी सांगितले होते की भ्यालेल्या कुत्र्याला जवळ घेऊ नये, त्याने भीती वाढते. म्हणून गेल्या वर्षी मी त्या दाराबाहेर उभा होतो. आत गेलो नाही.

भाची : ते चूक सांगितले. भय ही काही त्याची सवय नव्हे की लाड केल्याने वाढेल. त्याला जवळ यायचे असेल तर येऊ द्यावे, हात ठेवावा, हळू बोलावे.

मामा : तर मग ऐक. तुझी खोली मला मान्य, पण एका अटीवर. त्या खोलीत तो एकटा राहणार नाही. पूजेला चिरंजीव बसतील. मी खंड्याजवळ बसेन.

येथे माझे स्वतःचे मत सांगणे मला आवश्यक वाटते. भाचीचे सर्व शास्त्र निर्विवाद होते. परंतु शास्त्राने सांगितलेली ती सुरक्षित खोली अनेक घरांत कशी वापरली जाते, हे मी पाहिले आहे. दार लावले जाते, कर्तव्य झाले असे मानले जाते, आणि मध्यरात्री पाहुणे गेल्यावर कोणाला तरी आठवण होते. मामांच्या हट्टाने तो दोष दूर केला. कुत्र्याला सणापाशी आणता येत नसेल तर सण कुत्र्यापाशी नेता येतो, हा विचार त्या वयोवृद्ध माणसाच्या सरळ मायेतून आला, आणि भाचीने तो तत्काळ उचलून धरला. लक्ष्मीपूजन प्रदोषकाळीच व्हायचे आणि फटाक्यांचा भरही तेव्हाच असायचा. म्हणून पूजा आटोपताच साऱ्या घराने ताटे घेऊन त्याच मागच्या खोलीत बसावे, फराळ तेथेच व्हावा, मात्र खंड्याचे पान आधी वाढलेले असावे, असे ठरले.

मग मामांनी जुन्या सवयीप्रमाणे कागद पुढे ओढून सगळी तजवीज कलमवार लिहून काढली. खंड्याच्या पट्ट्याला पितळी बिल्ला, त्यावर घरचा दूरध्वनी क्रमांक. पाहुण्यांची ये-जा असेल तेव्हा दिंडीदरवाजापाशी एक माणूस, कारण दिवाळीत हरवणारी कुत्री उघड्या दारातून जातात. सकाळी अंगणातली जळकी नळकांडी आणि न उडालेले फटाके झाडून उचलायचे, त्यांतली दारू आणि क्षार पोटात गेले तर विषबाधा होते. पणत्या कट्ट्यावर, खाली ओळीने नकोत. शिंप्याकडचे कापड परत आणायचे, हेही कलम त्यांनी स्वतःच घातले.

दोन कलमांवर मात्र एकमत झाले नाही. भाऊबीजेला येणाऱ्या नातवंडांनी खंड्याला ओवाळावे, अशी मामांची इच्छा होती. भाचीचे म्हणणे असे की मुले गळ्यात हात टाकून त्याच्या तोंडाशी तोंड नेतात; तो आधी मान वळवतो, मग ओठ चाटतो, जांभई देतो, डोळ्याचा पांढरा भाग दाखवतो, आणि हे सारे सांगून झाल्यावरही कोणी ऐकले नाही तरच चावतो; तेव्हा मोठ्या माणसाचा हात मधे नसेल तर हा कार्यक्रम नको. तो हात आपला असेल असे मामा म्हणाले. भाचीने एका वेळी एकच मूल, एवढी सवलत दिली, आणि मामांना ती अपुरी वाटली.

दुसरे कलम गल्लीतल्या कुत्र्यांचे. त्यांना खोली नाही, बिल्ला नाही. शेपटीला फटाक्यांची माळ बांधणारी पोरे मात्र असतात, आणि प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याने हा गुन्हा असला तरी फिर्याद देणारा कोणी नसतो. मामांचा आग्रह होता की दिवाळीच्या तीन रात्री वाड्याची देवडी त्यांच्यासाठी उघडी ठेवावी, पोती टाकावीत, पाणी ठेवावे. भाचीला भीती होती की अनोळखी आणि बिथरलेली कुत्री एका जागी कोंडली गेली तर एकमेकांना फाडतील, आणि चौकाचे दार चुकून उघडे राहिले तर खंड्यालाही. मामा म्हणाले, चौकाच्या दाराला कुलूप घालू, किल्ली माझ्या जानव्याला राहील, आणि देवडीचे बाहेरचे दार सताड उघडे असेल, म्हणजे ज्याला जायचे तो जाईल. भाचीने विचारले, दोन कोपऱ्यांत दोन पाण्याची भांडी ठेवाल ना? मामांनी कागद पुन्हा पुढे घेतला आणि एकाच्या जागी दोन केले.